उजव्या भुवईचा डाव

काचरावांची उजवी भुवई गेली ती गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, न्हाव्याच्या खुर्चीत. तिच्या जाण्यात न्हाव्याचा दोष फार तर चार आणे होता. उरलेले बारा आणे काचरावांच्या स्वतःच्या चेहऱ्याचे.

पन्नाशीनंतर डोक्यावरचे केस बदली मागून घेऊन कानांत आणि भुवयांत रुजू होतात. ते लांबलेले केस न्हावी मशीनने बेताबेताने कापत होता. डावी भुवई सुखरूप पार पडली. मशीन उजवीवर असताना तो सहज बोलून गेला, "काही म्हणा साहेब, वयाच्या मानाने तुमचे केस दाट आहेत हां!" झालं. कौतुकाचा शब्द कानावर पडला की काचरावांच्या दोन्ही भुवया टुणकन कपाळात उडी मारत. डावीने मारली. उजवीनेही मारली, ती थेट मशीनच्या दातांत.

"हलू नका म्हटलं होतं ना," न्हावी म्हणाला.

"मी कुठे हललो? तू बोललास म्हणून भुवई हलली!"

"बरं बाबा, नाहीत तुमचे केस दाट," न्हाव्याने शब्द मागे घेतला. भुवई मात्र परत आली नाही.

या चेहऱ्यामुळेच त्यांचं नाव काचराव पडलं होतं. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. आत जे काही चाललेलं असेल ते बाहेरून स्वच्छ दिसणार, पुसायचीही गरज नाही. आनंद झाला की भुवया वर, घोर लागला की खाली. लहानपणी त्यांनी लपवलेली एकही गोष्ट आईला शोधावी लागली नव्हती. आणि अशा माणसाने नोकरी कुठे धरावी, तर वजनमापे खात्यात, जिथे दिवसभर लबाड लोकांच्या समोर बसायचं.

घरी बायकोने दार उघडलं, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती दाराचा आधार घेत हळूहळू खालीच बसली.

"हसून झालं की सांग," काचराव म्हणाले.

"झालंच," ती म्हणाली, आणि आणखी पाच मिनिटं हसली. मग एकदम थांबली. "अहो, उद्या शुक्रवार ना? शेवटचा डाव उद्याच ना?"

उद्याच होता. त्यांच्या विभागात माणसं चार, आणि शाळांच्या सुट्टीतल्या पंधरवड्यात हक्काची रजा मिळणार एकालाच. पूर्वी त्यावरून दरवर्षी अर्ज व्हायचे, अर्जावर अर्ज व्हायचे, आणि एका वर्षी तर स्टेपलर फेकून मारण्यापर्यंत मजल गेली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यापुढे एकच नाव आणा, मी सही करतो." तेव्हापासून त्या चौघांनी ठरवण्याचं काम पोकरवर सोपवलं होतं. चार शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत, जप्तीच्या खोलीत. सरकारी कामकाजात इतका निःपक्षपाती निर्णय दुसरा कुठला होत नसावा.

पैसे लावणं खात्याच्या शिस्तीत बसलं नसतं. म्हणून ते वजनं लावत. बाजारातल्या दुकानदारांकडून जप्त केलेल्या खोट्या वजनांची पोती त्या खोलीत पडलेली होती. प्रत्येकाला सुरुवातीला एकेक किलो, पन्नास ग्रॅम, शंभर, दोनशे अशा पितळी तुकड्यांत. चौथ्या शुक्रवारी दोनचा भोंगा झाला की जो राहील तो जिंकला. एकाहून जास्त राहिले तर ज्याच्याकडे वजन जास्त तो.

"किती उरलंय तुमच्याकडे?" बायकोने विचारलं.

"तीनशे ग्रॅम."

"एक किलोचे तीनशे ग्रॅम!"

"चांगली पानं आली की सगळे डाव सोडून देतात गं. वाईट आली की सगळे चढवत नेतात. मी करू तरी काय?"

काय करणार? पोकरमध्ये पानं जितकी हातात असतात तितकीच समोरच्याच्या डोक्यात असतात. हातात काही नसताना सगळं आहे असं भासवायचं आणि सगळं असताना तोंड पाडून बसायचं, एवढ्यावर तो खेळ चालतो. काचरावांना राजा आला की भुवया वर जात आणि दोन राजे आले की तिथेच मुक्काम करत. समोरचे तिघे पत्त्यांकडे बघतच नसत, त्यांच्या कपाळाकडे बघून खेळत. चार वर्षांत काचराव एकदाही जिंकले नव्हते.

आणि या वर्षी जिंकायला हवं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. बायकोने समुद्राकाठी एक छोटंसं घर पंधरा दिवसांसाठी सांगून ठेवलं होतं. गेली चार वर्षं ती मुलीला घेऊन एकटीच जायची. आता मुलगी नोकरीच्या गावी होती, आणि या खेपेला फक्त दोघंच जाणार होते. काचरावांना वाळूचं काही कौतुक नव्हतं. पण सकाळी घड्याळाकडे न बघता, बायकोच्या समोर चहा घेऊन नुसतं बसायचं, हे सुख पंचवीस वर्षांत त्यांच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतकंच आलं होतं. ते त्यांना अगदी मनापासून हवं होतं.

"नाही मिळाली रजा तर तुमच्या जागी आईला नेईन," बायको म्हणाली. "ती केव्हाची बॅग काढून बसलीये. आणि उद्या फोन करू नका. फोनवर तुम्ही काहीतरी गुळमुळीत बोलता. दारात तुमचा चेहरा बघितला की मला कळेल."

सकाळी तिने त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि स्वतःची भुवयांची काळी पेन्सिल काढली. हात स्थिर होता, पण पोटातलं हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं, त्यामुळे रेघ जायला हवी होती त्यापेक्षा बोटभर वर गेली आणि मधे छान कमान घेऊन खाली आली. काचरावांनी आरशात बघितलं. डावी भुवई नेहमीच्या जागी गरीब गाईसारखी बसली होती. उजवी मात्र म्हणत होती, "असं? बरं. पुढे?"

"अगं, मी कुणावर तरी संशय घेतोय असं दिसतंय."

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हुशार दिसताय," बायको म्हणाली. "पुसू नका."

ऑफिसात या भुवईचा प्रताप साडेदहालाच दिसला. एक तराजू दुरुस्त करणारा कारागीर शिक्का मारून घ्यायला आला होता. वर्षानुवर्षं तो काचरावांकडे यायचा, तराजू ठेवायचा, हवापाण्यावर बोलायचा आणि शिक्का घेऊन जायचा. आज त्याने तराजू ठेवला, काचरावांकडे पाहिलं आणि तो गप्पच झाला. काचराव नुसते "बसा" म्हणाले. कारागिराच्या कपाळावर घाम आला.

"साहेब, डाव्या पारड्याखाली एक चकती आहे," तो अखेर म्हणाला. "माझ्या हातून चुकून राहिली."

"चुकून?" काचरावांनी खरोखरच भाबडेपणाने विचारलं.

"बरं, मुद्दाम. पण दुकानदाराने सांगितलं होतं! आणि त्याच्या भावाच्याही तराजूला आहे!"

पुढच्या दोन तासांत आणखी दोघांनी न विचारता कबुली दिली. साहेब जाता जाता थबकले, काचरावांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी उगाचच शर्ट खोचला आणि म्हणाले, "ती प्रवासभत्त्याची फाइल ना? आजच बघतो." काचरावांना कुठल्याही फाइलची आठवण नव्हती. सत्तावीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करून जो दरारा बसला नाही, तो तीन इंचांच्या पेन्सिलीच्या रेघेने जेवणाच्या सुट्टीआधी बसवला.

एक वाजता जप्तीच्या खोलीचं दार आतून लागलं. वाऱ्याने पानं उडतात म्हणून पंखा बंद. टेबलाभोवती चौघं. स्टोअरकीपर काळा गॉगल आणि कपाळावर ओढलेली टोपी घालून बसला होता. पोकरचे सामने मोबाइलवर बघून त्याने हा वेश पत्करला होता, आणि त्या वेशात त्याला बदामाची पानं कुठली आणि चौकटची कुठली हे अर्धा वेळ दिसत नसे. त्याच्या शेजारी प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ, ज्याला सगळे मिलिग्रॅम म्हणत. तो प्रत्येक पानानंतर कागदावर टक्केवारी काढायचा. आणि समोर आवक-जावक रजिस्टर सांभाळणाऱ्या बाई, मांडीवर लोकरीचा गोळा, हातात विणकामाच्या सुया, चेहऱ्यावर जगाचं भलं होवो असा भाव. गेल्या चार वर्षांत तीनदा रजा बाईंनी नेली होती, नेहमी अगदी थोडक्यात. लोक म्हणत, नशीब.

पहिली दोन पानं काचरावांनी उचलली. सत्ती आणि दुर्री. याहून वाईट हात पत्त्यांच्या जोडात शोधून सापडला नसता. डावी भुवई जागची हलली नाही. उजवी तर वरच होती.

स्टोअरकीपर आणि मिलिग्रॅम, दोघांच्या नजरा त्यांच्या कपाळावर गेल्या.

"एकच वर आहे," मिलिग्रॅम हळूच म्हणाला.

"मला दिसतंय," स्टोअरकीपर म्हणाला, आणि त्यासाठी त्याला गॉगल काढावा लागला.

"दोन वर म्हणजे चांगला हात. दोन्ही खाली म्हणजे वाईट. मग एक वर म्हणजे किती?" मिलिग्रॅमने कागदावर पन्नास टक्के लिहिलं, खोडलं, मग कागदच उलटा ठेवला.

काचरावांनी शंभर ग्रॅम पुढे सरकवले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून सरकवले. मिलिग्रॅमने डाव सोडला. स्टोअरकीपरने काचरावांच्या उजव्या भुवईत बराच वेळ पाहिलं, तिने त्याला "खरंच?" असं विचारलं, आणि त्यानेही पानं टाकली. बाईंनी वीण न थांबवता "माझंही नको" म्हटलं. सगळ्यांनी पानांआधी ठेवलेले पन्नास-पन्नास ग्रॅम काचरावांनी सत्ती-दुर्रीवर जिंकले.

तिसऱ्या हाताला त्यांना दोन राण्या आल्या आणि टेबलावर उघडलेल्या सगळ्यांच्या सामायिक पानांत तिसरी पडली. डावी भुवई आनंदाने उडाली आणि उजवीच्या शेजारी जाऊन बसली. दोन्ही वर! कालपर्यंत हे दिसताच तिघांनी पानं खाली टाकून पाणी प्यायला उठायचं. पण आज स्टोअरकीपर खुदकन हसला.

"आता मुद्दाम दोन्ही वर करतोय, बरं का! आपल्याला घाबरवतोय. पट्ठ्या शिकला!"

"अरे, खरंच चांगली पानं आहेत," काचराव कळवळून म्हणाले.

"बघा बघा, बोलतोय पण कसा!" स्टोअरकीपरने चारशे ग्रॅम लावले. मिलिग्रॅमने कागद सरळ करून काचराव खोटं बोलत असल्याची शक्यता एक्क्याण्णव टक्के काढली आणि तोही त्यात उतरला. तीन राण्या टेबलावर आल्या तेव्हा दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. खरं बोलून जिंकण्याचा तो काचरावांच्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

मग काय, गाडी उताराला लागली. पानं वाईट आली तर एक भुवई वर, आणि समोरचे घाबरून सोडणार. चांगली आली तर दोन वर, आणि समोरचे हा फसवतोय म्हणून चढवणार. दीड वाजेपर्यंत मिलिग्रॅम संपला. पावणेदोनला स्टोअरकीपर संपला. त्याने गॉगल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चार वर्षं हा माणूस आपल्याला बनवत होता. भोळेपणाचं सोंग होतं ते!" काचरावांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी ते नाकारलंही नाही.

या सगळ्यात बाई फारशा कुणाच्या वाटेला जात नव्हत्या. थोडं लावायच्या, थोडं हरायच्या, एखाददुसरा हात जिंकायच्या. मधूनच म्हणायच्या, "काचसाहेब, ते हिरवट डागांचं शंभरचं द्या हो, ही माझी दोन पन्नास घ्या. मला सुटसुटीत पडतं." बाईंची ही खोड सगळ्यांना माहीत होती. बायकांना नीटनेटकं आवडतं, असं स्टोअरकीपर कौतुकाने म्हणायचा. काचरावांनी राजासारखं शंभरचं देऊन टाकलं, मग आणखी एक दिलं.

दहा मिनिटं उरली असताना त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. बंद खोली, बंद पंखा, आणि विजयाचा घाम. रुमालावर काळा पट्टा उमटला. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात दाबला, "डोळ्यात काहीतरी गेलं, आलोच," असं म्हणाले आणि धावत स्वच्छतागृह गाठलं.

तिथल्या तळहाताएवढ्या आरशात उजव्या बाजूला फक्त कपाळ होतं. खिशात पेन्सिल नव्हती. जप्तीच्या मालावर नंबर टाकायचं काळं मार्कर तेवढं होतं. त्यांनी टोपण काढलं, जीभ बाहेर काढली आणि सकाळची ती कमान आठवून रेघ ओढायला घेतली. कमान अर्ध्यापर्यंत चढली तोच स्टोअरकीपरने दारावर धाडकन थाप मारली. "काच! आटप! आठ मिनिटं राहिली!"

मार्कर सरळ गालफडाकडे उतरलं.

पुसायला गेले तर पुसेना. दुरुस्त करायला गेले तर दुरुस्तीने ती आणखी जाड झाली आणि आणखी खाली ओघळली. आता उजवा अर्धा चेहरा नुकतीच कुणी गेल्याची तार आल्यासारखा दिसत होता आणि डाव्या अर्ध्याला ती बातमी अजून पोचलेली नव्हती.

"काय रे, घरून काही फोन आला का?" परत आल्यावर स्टोअरकीपरने दचकून विचारलं.

"नाही."

"मग असा का दिसतोस?"

"पानं वाट," काचराव म्हणाले. आवाज आपोआपच दुःखी निघाला.

शेवटच्या सात मिनिटांत बाईंनी एकही हात लढवला नाही. पानं उचलायची, एक नजर टाकायची, एखादं पन्नासचं पुढे सरकवून डाव सोडायचा. काचरावांची खात्री पटली की आपल्या या नव्या चेहऱ्यापुढे बाईंची हिंमत खचली. आतल्या आत त्यांना थोडी दयाही आली. इतकी वर्षं जिंकलेली बाई, बिचारी.

भोंगा झाला. मिलिग्रॅमने वजनांवरचे आकडे वाचून बेरीज केली. "काच, दोन किलो दीडशे. बाई, एक किलो आठशे पन्नास."

स्टोअरकीपरने काचरावांच्या पाठीत दणका घातला. काचरावांच्या डोळ्यांपुढे व्हरांडा आला, समुद्र आला, चहाचे दोन कप आले. डावी भुवई जवळजवळ केसांत शिरली.

"थांबा की," बाई विणकाम गुंडाळत म्हणाल्या. "आकडे काय वाचता? आपलं खातं कुठलं? नियम काय ठरला होता? ज्याच्याकडे वजन जास्त तो. तराजूवर ठेवा."

नियम खरोखर तसाच होता. दरवर्षी बाई तराजूवर ठेवायला लावायच्या आणि बाकीचे हसून ठेवायचे. खात्याचा प्रमाणित तराजू आला, ज्याच्यावर शंका घेणं म्हणजे खात्यावरच शंका घेणं. काचरावांची वजनं चढली. काटा एक किलो आठशे नव्वदवर थांबला. बाईंची चढली. एक किलो नऊशे साठ.

"असं कसं?" काचराव म्हणाले.

"जप्तीची वजनं आहेत हो ती," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, जणू लहान मुलाला शिकवत होत्या. "विकणारा दुकानदार वजन हलकं ठेवतो, आतून पोकळ करून. तुमच्याकडे बहुतेक तीच आलीयेत. पण तो भंगारवाला पकडला होता ना, आठवतं? तो माल विकत घ्यायचा. घेणारा वजन जड ठेवतो, आत शिसं भरून. त्याच्या गोदामात ओल होती, म्हणून त्याच्या वजनांवर हिरवट डाग पडलेत. सगळी माझ्याच रजिस्टरला आवक झालीत. कुठलं किती खोटं, ते माझ्या हातानेच लिहिलंय मी."

खोलीत तीन पुरुष, एकूण नोकरी त्र्याहत्तर वर्षं, काम एकच: वजनावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि चार वर्षं ते वजनांकडे ढुंकूनही न बघता एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

"म्हणजे माझ्या भुवईमुळे तुम्ही घाबरला नव्हता?" काचरावांनी विचारलं.

"कसली भुवई?" बाईंनी चष्मा वर करून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अगं बाई! हे काय करून घेतलंत?"

सव्वादोनला काचराव काउंटरवर येऊन बसले. आता त्यांचा डावा अर्धा चेहराही उजव्याला जाऊन मिळाला होता. पहिला दुकानदार तराजूची तक्रार घेऊन आला, त्यांना बघताच त्याने आवाज खाली आणला. "कोण गेलं साहेब?"

"कोणी नाही. मीच जाणार होतो," काचराव म्हणाले. "समुद्राकाठी. आता नाही."

दुकानदाराने मान हलवली, तक्रारीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाजूच्या बाकावर बसून राहिला. असल्या वेळी निघून जाणं बरं दिसत नाही. दुसरा आला, पहिल्याच्या कानाशी लागला आणि त्याच्या शेजारी बसला. तिसऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी काचरावांचा चेहरा पाहिला मात्र, त्यांना आपले यजमान आठवले आणि त्या पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. सकाळचा तो कारागीर दुसऱ्या पारड्याचीही कबुली द्यायला परत आला होता, तो दारातच पायातलं काढून उभा राहिला. तीन वाजता साहेब बाहेर आले तेव्हा काउंटरपुढे अकरा माणसं माना घालून बसली होती आणि कामकाज पूर्ण थांबलं होतं.

"हे काय चाललंय?" साहेब कुजबुजले. मोठ्याने विचारायचा त्यांनाही धीर झाला नाही.

काचरावांनी सांगितलं. न्हाव्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळं.

"मग ते पुसा आधी!"

"पुसत नाही साहेब. आपल्याच खात्याचं मार्कर आहे. जप्तीचा नंबर पुसला जाऊ नये म्हणून खास मागवलेलं."

"मागवलं कुणी?"

"आपणच."

साहेबांनी बाकावरच्या अकरा माणसांकडे पाहिलं. म्हाताऱ्या बाई आता दुकानदाराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या. "असा चेहरा मला काउंटरवर चालणार नाही," ते म्हणाले. "भुवई उगवेपर्यंत घरी बसा. पंधरा दिवसांची आजारपणाची रजा टाका."

"पण साहेब, या पंधरवड्यात एकालाच..."

"ती हक्काची रजा. बाईंची. ही आजारपणाची. वाद घालू नका, आधी तो चेहरा इथून हलवा!"

बाई मागे उभ्याच होत्या. हातात अर्ज होता, त्यावर आवक झाल्याचा शिक्का आधीच पडलेला होता. "फक्त सही करा," त्या म्हणाल्या. "जावक मी आत्ता करून टाकते."

काचराव घरी आले नाहीत, उडत आले. जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. बेल दाबून ते दारापुढे उभे राहिले, आणि आतल्या बाजूने बायकोने दाराच्या भिंगातून त्यांचा चेहरा पाहिला.

दार उघडायला तिने जरा वेळ लावला. उघडलं तेव्हा फोन तिच्या कानाला होता. "हो आई, तूच चल. हो, हो, नाही मिळाली त्यांना. अगं, चेहरा बघवत नाही गं, अगदी पार खचलेत. ठेवते." तिने फोन ठेवला आणि काचरावांचा हात हातात घेतला. "जाऊ दे हो. पुढच्या वर्षी."

"मिळाली!" काचराव ओरडले.

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय ना?"

"अगं, खरंच मिळाली!"

तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजवा अर्धा तळव्याने झाकला आणि डाव्या अर्ध्याकडे बघितलं. भुवई टुणकन कपाळात गेलेली होती.

"अगं बाई," ती म्हणाली. "अहो, आईने तर शेजारणीला किल्लीसुद्धा देऊन टाकली असेल."

आता बोलावलेल्या आईला नको कोण म्हणणार? तिसऱ्या माणसासाठी तिसरं तिकीट काढलं गेलं आणि चौथ्या दिवशी तिघं समुद्राकाठच्या त्या घरात उतरली. घराला खोल्या दोन. एकीला व्हरांडा होता आणि व्हरांड्यापुढे समुद्र. दुसरीच्या खिडकीतून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसत. व्हरांड्यात खुर्च्या दोनच होत्या. सासूबाईंनी दोन्ही खोल्या फिरून बघितल्या, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून बघितलं आणि तिला ती मानवली.

"जावईबापू, उगाच भांडण नको," त्या बॅगेतून पत्त्यांचा जोड काढत म्हणाल्या. "ऑफिसात तुम्ही काय ते पोकर खेळता, असं ही सांगत होती. मलाही येतं थोडंफार. जो जिंकेल त्याची ही खोली. चालेल?"

काचरावांनी बायकोकडे पाहिलं. चार दिवसांच्या घासण्याने मार्कर पार गेलं होतं. उजवीकडे नुसतं गुळगुळीत कपाळ होतं, डावीकडे ती जुनी, प्रामाणिक, घरभेदी भुवई. सासूबाईंनी चष्मा लावला, पानं पिसली आणि जावयाच्या डाव्या भुवईवर नजर रोखून वाटायला सुरुवात केली.

टेबलाखालून बायकोचा हात आला आणि काचरावांच्या मुठीत काहीतरी सरकवून गेला. त्यांनी खाली पाहिलं. काळी पेन्सिल होती.

"तोंड धुऊन या जा," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "आणि या वेळी मोठा आरसा बघा."